झाली किती, जगली किती?

वस्तीत घरोघर माहिती घ्यायला जाते तेव्हा वयस्कर बायांना मी एक प्रश्न हमखास विचारते, "आजी, मुलं किती?" सत्तरी ओलांडलेल्या बायांकडून याचे उत्तर एका आकड्यात सहसा येत नाही. मागे एका आजीने सांगितले, "झाली आठ. हाती लागली तीन."

पाच कशी गेली तेही तिने बोटांवर मोजून सांगितले. "थोरल्याला गोवर निघाला, मग छाती भरली. दुसरीला हगवण लागली, दोन दिवसांत डोळे खोल गेले. एक पोरगा आठवड्याचा होता, त्याचं अंगच ताठलं, तोंड उघडेना. एक जन्मलं ते रडलंच नाही. आणि शेवटचं एवढंसं होतं, दिवस भरायच्या आधीच आलेलं." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "नशिबात नव्हती, बाई."

मी बरीच वर्षे प्रसूती विभागात नर्स होते. या लेखात मला आजीच्या त्या शेवटच्या वाक्याशी भांडायचे आहे, आजीशी नाही. ती मुले नशिबाने गेली नाहीत. त्यांतली पहिली तीन ज्या कारणांनी गेली, त्या कारणांनी आज पूर्वीसारखी मुले जात नाहीत. शेवटची दोन ज्या कारणांनी गेली, ती कारणे मात्र अजून आपल्या दारात उभी आहेत. हे आपल्या देशाचे आकडेच सांगतात. ते आकडे आपल्याला वाचता आले पाहिजेत.

आकडा वाचायचा कसा

"झाली किती, जगली किती" हाच हिशेब सरकार मोठ्या प्रमाणावर करते. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी किती बाळे पहिला वाढदिवस यायच्या आत गेली, तो अर्भक मृत्युदर. पाचवा वाढदिवस यायच्या आत किती गेली, तो पाच वर्षांखालील बालमृत्युदर. आणि पहिल्या २८ दिवसांतच किती गेली, तो नवजात मृत्युदर.

हे आकडे मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात. एक नमुना नोंदणी पद्धत. यात देशभर निवडलेल्या गावांत आणि शहरांतल्या भागांत प्रत्येक जन्म आणि मृत्यू सतत टिपला जातो. दुसरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. यात घरी येऊन बायांना त्यांच्या बाळंतपणांबद्दल विचारतात आणि मागच्या पाच वर्षांचा हिशेब मांडतात. रीत वेगळी, म्हणून आकडेही थोडे वेगळे येतात. एकातला आकडा दुसऱ्यातल्या आकड्याशी ताडून पाहू नये. प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करावी.

सत्तर वर्षांत काय झाले

भारताचा अर्भक मृत्युदर, दर हजार जन्मांमागे:

१९५१ – १४६
१९७१ – १२९
१९८१ – ११०
१९९१ – ८०
२००१ – ६६
२०११ – ४४
२०२० – २८

१९५१ साली दर सातांमागे एक बाळ वर्षाच्या आत जात होते. २०२० साली साधारण छत्तीसांमागे एक. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळे जन्मतात. म्हणजे हा दर एका अंकाने खाली आला की वर्षाला वीस हजारांहून जास्त बाळे वाचतात.

यादी पुन्हा वाचा. उतार सारखा नाही. १९५१ ते १९७१ या वीस वर्षांत फक्त १७ ने घट झाली. १९८१ ते १९९१ या दहाच वर्षांत ३० ने झाली. पुढच्या दहा वर्षांत वेग मंदावला आणि त्यानंतर पुन्हा वाढला. नशीब असे कधी हळू, कधी जोरात बदलत नसते. आपण काही केले की दर उतरतो, हात आखडला की रेंगाळतो.

त्याहून मागची गोष्ट आपल्या घरातली आहे. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भक मृत्यू नोंदले गेले. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा आठशेच्या वर होता. यात फुगवटा आहे. पुष्कळ गिरणी कामगार बाया बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद मुंबईत होत नसे, पण परत आल्यावर बाळ गेले तर मृत्यूची नोंद मुंबईत होई. तो फुगवटा वजा केला तरी चाळीतल्या एका खोलीत तान्हे बाळ जगवणे किती कठीण होते ते कळते. त्याच काळात बाबासाहेब आणि माता रमाई परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. त्यांना पाच मुले झाली, एकटे यशवंतराव हाती लागले. राजरत्न १९२६ साली गेला. परदेशात शिकून आलेल्या बापालाही मूल वाचवता येईना, असा तो काळ होता. आज ज्या गोळीने आणि इंजेक्शनने छातीचा संसर्ग उतरतो, ती औषधे तेव्हा निघालीच नव्हती.

मुले वाचली ती कशामुळे

आता आजीच्या पहिल्या तीन मुलांकडे येऊ.

थोरला गोवराने गेला. गोवर अंगावरच्या पुरळाने मारत नाही. तो शरीराची ताकद खातो, मग छातीचा संसर्ग किंवा जुलाब मूल नेतात. १९७८ साली देशाचा लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. १९८५ पासून तो सार्वत्रिक करायला घेतला आणि त्यात गोवराची लस आली. आता ती रुबेलासोबत, नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दीड वर्षाच्या सुमारास, अशी दोनदा देतात. देवीचा रोग तर देशातून गेलाच. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला.

दुसरी हगवणीने गेली. हगवणीत बाळ मरते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाताने रुग्णांना पाजायला लावले. जिथे शंभरातले तीसपर्यंत रुग्ण जात होते, तिथे हे प्रमाण चाराच्या आत आले. यामागचे शास्त्र सोपे आहे. जुलाब चालू असतानाही आतडे साखरेबरोबर मीठ आत घेते आणि मिठामागे पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, योग्य मापाचे मीठ-साखर लागते. आजच्या ओआरएसच्या पुडीत तेच आहे.

तिसरा अंग ताठून गेला. तो धनुर्वात. नाळ कापायला गंजलेला विळा, पाते, वर शेणाची राख, यांतून तो जंतू आत जाई. गरोदरपणी आईला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि बाळंतपणात स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, एवढ्यावर हा आजार हटला. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. माझ्या आधीच्या पिढीतल्या नर्सबाया त्या बाळांचे ताठलेले अंग आठवून आजही गप्प होतात. माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींनी असे बाळ क्वचितच पाहिले.

लशी आणि औषधांच्या जोडीला आणखी बरेच घडले. मुली शाळेत गेल्या, लग्नाचे वय वाढले, दोन बाळंतपणांत अंतर आले, नळाचे पाणी आले. १९७५ पासून अंगणवाड्या सुरू झाल्या. २००५ नंतर आशाताई दारापर्यंत आल्या. २००५-०६ च्या सर्वेक्षणात देशात शंभरातली ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ झाली.

आता मृत्यू कुठे अडून बसला आहे

२०२० च्या नमुना नोंदणीत देशातल्या हजार बाळांपैकी ३२ पाच वर्षांच्या आत गेली. त्या ३२ पैकी २० पहिल्या २८ दिवसांतच गेली आणि १५ पहिल्या सात दिवसांत. म्हणजे पाच वर्षांतले जवळजवळ निम्मे मरण पहिल्या आठवड्यात गोळा झाले आहे. मोठ्या मुलांचे मृत्यू झपाट्याने घटले, नवजात बाळांचे तेवढ्या वेगाने घटले नाहीत.

या दिवसांत मृत्यूची मुख्य कारणे तीन: बाळ दिवसाआधी किंवा कमी वजनाचे जन्मणे, जन्मताच श्वास न घेणे, आणि जंतुसंसर्ग. आजीची शेवटची दोन मुले यातच गेली.

यावर उपाय नाही असे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना शिकवले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, संसर्गाची लक्षणे ओळखणे आणि उपचार सुरू करणे, हे सारे त्या घरी जाऊन करत. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी येऊन बाळ पाहायचे असते. हे तारखांसकट सांगते, कारण आपल्या वस्तीत पुष्कळ घरांना या भेटी आपला हक्क आहेत हेच ठाऊक नाही.

दवाखान्यात पोहोचले की काम झाले असेही नाही. २०१९-२१ मध्ये ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे फक्त ४२ टक्के. चिकाचे दूध हीच बाळाची पहिली लस, आणि ती पाजायला पैसा लागत नाही.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. ओळखीच्या घरातली सून, पहिले बाळंतपण. बाळ दोन किलोचे. तिसऱ्या दिवशी घरी आले. घरी कोणी पाहायला आले नाही. नवव्या दिवसापासून बाळ दूध कमी ओढू लागले. सासू म्हणाली, "गुणाचं आहे, रडत नाही." बाराव्या दिवशी मला बोलावले तेव्हा पाय थंडगार होते आणि छाती आत ओढली जात होती. आम्ही रिक्षाने नेले. बाळ संध्याकाळी गेले. सासूची चूक नव्हती. लहान बाळ गप्प झाले म्हणजे गुणी झाले नाही, आजारी झाले, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगायचे काम आमचे होते. त्या दिवसानंतर मी ते वस्तीत सांगत फिरते.

सरासरीच्या आड कोण दडते

२०२० साली अर्भक मृत्युदर केरळमध्ये ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३ होता. देशात शहरी १९, ग्रामीण ३१. महाराष्ट्राचा आणि शहरांचा आकडा ऐकून आपल्याला बरे वाटते. पण शहराच्या त्या १९ मध्ये बंगलाही आहे आणि नाल्याकाठची आपली झोपडीही.

२०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सर्वांत गरीब घरांत पाच वर्षांखालील बालमृत्युदर ७२ होता, सर्वांत सधन घरांत २३. मुलींचीही एक गोष्ट बघा. निसर्गतः लहान मुली मुलांपेक्षा चिवट असतात. तरीही २०२० साली पाच वर्षांच्या आत मुली हजारी ३३ गेल्या, मुलगे ३१. मुलगी तापली की "उद्या बघू" म्हणतो, मुलगा तापला की लगेच निघतो. हे आपल्या घरातही घडते.

आता जात. २००५-०६ च्या सर्वेक्षणात अनुसूचित जातींत पाच वर्षांखालील बालमृत्युदर ८८ होता, आदिवासींत ९६ आणि कोणत्याच मागास प्रवर्गात नसलेल्यांत ५९. दहा वर्षांनी तेच आकडे ५६, ५७ आणि ३९ झाले. सगळ्यांचेच खाली आले, आणि ही मोठी गोष्ट आहे. ८८ वरून ५६ म्हणजे आपली हजारो मुले जगली. पण भागाकार करून बघा. आधी आपला दर त्यांच्या दीडपट होता. दहा वर्षांनीही तो दीडपटीच्या जवळच राहिला. सगळे एकाच जिन्याने उतरले, पण आपण जेवढ्या पायऱ्या मागे होतो त्याच प्रमाणात मागे राहिलो. १९९० पासून बौद्धांनाही केंद्राने अनुसूचित जातीत धरले आहे, तेव्हा हा हिशेब आपलाही आहे.

फरक रक्तात नाही. तो आईच्या ताटात आहे, पाण्याच्या रांगेत आहे, दवाखान्यापर्यंतच्या अंतरात आहे, आणि दवाखान्यात मिळणाऱ्या वागणुकीतही आहे. आडनाव ऐकून प्रसूतिकक्षात बोलण्याचा सूर बदलताना मी पाहिला आहे. ज्या बाईचा एकदा अपमान झाला, ती पुढच्या वेळी दुखणे अंगावर काढते, आणि उशीर होतो तो तिथेच. आईची विश्रांतीही यातच येते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपल्या धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया आठव्या महिन्यापर्यंत पाणी उचलतात आणि महिनाभरात कामावर परततात.

घरात काय पाहायचे

पुढचे महिनाभराच्या आतल्या बाळासाठी आहे. कापून भिंतीला लावा.

१. बाळ दूध ओढेनासे झाले, किंवा आधीपेक्षा फार कमी ओढू लागले.
२. सुस्त पडले, उठवले तरी उठेना, रडणे क्षीण झाले.
३. अंग तापले किंवा गार पडले. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय तपासा. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला ऊब हवी आहे. दोन्ही गार, तर लगेच निघा.
४. श्वास भराभर चालतो. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. साठ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, तर धोका.
५. तळहात, तळपाय पिवळे दिसतात.
६. झटके येतात, किंवा बेंबीतून पू येतो.

यातले एकही दिसले तर वाट पाहायची नाही. बिब्बा, चटका, अंगारा, गल्लीतल्या दुकानातले औषध, काही नको. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायचा. अडीच किलोच्या आतल्या बाळाला घरीही असेच छातीशी धरून ठेवावे, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. बाप आणि आजीही धरू शकतात.

पहिल्या तासात दूध. सहा महिने फक्त आईचे दूध. मध, गुटी, साखरपाणी, वरचे पाणी नाही. बेंबीला हळद, तेल, राख लावायची नाही. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो.

मोठ्या मुलाला जुलाब झाले तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस सुरू करा. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पुडी घाला, अर्धी नको. जोडीला दवाखान्यातून झिंकची गोळी घेऊन चौदा दिवस द्या, जुलाब थांबले तरी. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका.

मागायचे काय

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचारही मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा. आशाताईंच्या सहा भेटी झाल्या का, ते मंडळाच्या बैठकीत दर महिन्याला विचारा. नसतील झाल्या तर आधी तिच्याकडे किती घरे आहेत ते बघा. एका बाईवर तीन बायांचे काम टाकले असेल तर तिच्या बाजूने अर्ज करा.

आणि मृत्यूची नोंद करा. हे सांगायला जड जाते. २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणाऱ्या बालमृत्यूंपैकी पुष्कळसे सरकारी नोंदीत येतच नव्हते. बाळ चार दिवसांचे असो की चार तासांचे, जिवंत जन्मले असेल तर त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी २१ दिवसांत व्हायला हव्यात. आशाताईने कळवल्यावर त्या मृत्यूचे अन्वेषण व्हायचे असते, म्हणजे बाळ का गेले, उशीर कुठे झाला, हे तपासायचे असते. नोंदच नसेल तर वस्तीत काही घडलेच नाही असे कागद म्हणतो. मग नर्सची जागाही मंजूर होत नाही आणि इनक्युबेटरही.

माझी एक विनंती आहे. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा अंगणवाडीताईंना वजनकाटा घेऊन बोलवा. वस्तीतल्या सगळ्या तान्ह्या बाळांचे वजन करा, गरोदर सुनांची यादी करा, प्रत्येकीच्या नावापुढे बाळंतपणाची अंदाजे तारीख आणि तिला दवाखान्यात कोण नेणार त्याचे नाव लिहा. एक वही पुरते. आजीच्या पाच मुलांची नावे कुठल्याच वहीत नाहीत. दोघांची तर ठेवलीच गेली नव्हती.